‘ॲव्हेंजर्स’मध्ये काय जमलंय आणि काय फसलंय: एका संकलकाचं उत्तर

प्रश्न असा आहे: ‘मी पाच नायकांची एक पटकथा लिहितोय. जो तो सांगतो, २०१२ चा ‘ॲव्हेंजर्स’ पाहा. परत पाहिला. अर्धा जबरदस्त वाटला, अर्धा कंटाळवाणा. त्यात नेमकं काय जमलंय आणि काय फसलंय? आणि त्यांच्यासारखे आधीचे पाच सिनेमे माझ्या हाताशी नसताना मला त्यातून काय घेता येईल?’

मी संकलक आहे. मराठी सिनेमे आणि मालिकांच्या एडिटवर माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा सिनेमा मी शिकवताना नेहमी वापरतो. त्यामुळे उत्तर एडिट टेबलावरून देतो. कॉमिक्सचे चाहते याकडे वेगळ्या नजरेने पाहतील, तो त्यांचा हक्क आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला ठेवा. हा सिनेमा न्यूयॉर्कच्या लढाईमुळे उभा राहिला, असं समजलं जातं. लढाई उत्तमच आहे, तिच्याबद्दल पुढे बोलतो. पण सिनेमा उभा राहतो तो मधल्या भागात, त्या उडत्या जहाजावर, सगळे एका छताखाली येऊन एकमेकांवर गुरगुरतात तिथे. लढाईतल्या प्रत्येक टाळीचं बीज त्या भांडणात पेरलेलं आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘ॲव्हेंजर्स’ कॉमिकचा पहिला अंक काढला, तेव्हाही खलनायक लोकीच होता. पण त्या चमूत कॅप्टन अमेरिका नव्हता, तो चौथ्या अंकात आला. पडद्यावर येण्याआधी मार्व्हलने पाच सिनेमांतून जमीन तयार केली: २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आणि ‘द इन्क्रेडिबल हल्क’, २०१० मध्ये ‘आयर्न मॅन २’, २०११ मध्ये ‘थॉर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’. मग लेखक-दिग्दर्शक जॉस व्हीडनच्या हाती हे सगळे नायक सोपवले गेले. गोष्ट एवढीच: लोकी परग्रहावरचं सैन्य आणून पृथ्वी जिंकायला निघतो आणि त्याला रोखायला या नायकांना एकत्र आणलं जातं. लांबी १४३ मिनिटं, संकलक जेफ्री फोर्ड आणि लिसा लासेक. नायक सहा: आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क, हल्क म्हणजे बॅनर, कॅप्टन अमेरिका म्हणजे स्टीव्ह रॉजर्स, थॉर, गुप्तहेर नताशा आणि तिरंदाज बार्टन. त्यांना जमवणारा, शील्ड या गुप्तचर संघटनेचा प्रमुख निक फ्युरी, शिवाय खलनायक, शास्त्रज्ञ, शील्डचीच माणसं कोल्सन आणि मारिया हिल. एवढ्या माणसांना १४३ मिनिटांत बसवायचं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येतो याचा हिशोब करून पाहा, घाम फुटतो.

व्हीडनने हा हिशोब सोडवला तो जोड्या लावून. सहा जणांना एकदम बोलतं करायच्या फंदात तो फारसा पडत नाही. स्टार्क आणि बॅनर: दोघं शास्त्रज्ञ, बाकी सगळे बॅनरला बिचकतात तेव्हा स्टार्क त्याला मुद्दाम टोचून बघतो, आणि त्या टोचण्यातच मैत्री होते. स्टार्क आणि रॉजर्स: एक स्वतःच्या हुशारीवर जगणारा, दुसरा शिस्तीवर. थॉर आणि लोकी: भाऊ. नताशा आणि बार्टन: जुनं देणं-घेणं. प्रत्येक पात्राला किमान एक माणूस असा दिलाय, ज्याच्यासमोर त्याचा एक वेगळाच पैलू दिसतो. पात्राची ओळख करून द्यायला स्वतंत्र प्रसंग लागतच नाही, कोण कुणाशी कसं बोलतं यातच ती होते. तुम्हाला जो अर्धा भाग आवडला, तो पुन्हा काढून पाहा. बहुतेक सगळा दोघा-दोघांचा असेल.

नताशाचं उदाहरण जवळून घेऊ. सहा जणांत तिच्याकडे ना चिलखत, ना विजेचा हातोडा. ती पहिल्यांदा दिसते ती खुर्चीला बांधलेली, गुंडांच्या ताब्यात, उलटतपासणी चाललेली. फोन येतो, आणि आपल्या लक्षात येतं की तपास गुंड करत नव्हते, ती करत होती. दुसरा प्रसंग कलकत्त्यातला, ती बॅनरला आणायला जाते तो. बॅनर अचानक टेबलावर हात आपटून ओरडतो आणि तिच्या हातात क्षणात पिस्तूल येतं. तो हसून माफी मागतो, ती काय करते ते पाहायचं होतं म्हणतो. इथली तिची भीती खरी आहे. तिसरा प्रसंग जहाजावर, काचेच्या कोठडीतल्या लोकीसमोर. तो तिच्या भूतकाळावरून तिला बोलत बोलत फाडून काढतो. ती पाठ फिरवते, आवाज कापतो, आपल्याला वाटतं कोसळली. तो विजयाच्या भरात बोलून जातो की राक्षस तुम्हीच इथे आणलाय. ती वळते, चेहरा कोरडा, आणि शांतपणे म्हणते, म्हणजे तुझा डाव बॅनरवर आहे तर.

आता रचना बघा. पहिल्या प्रसंगात ती नाटक करते हे आपल्याला दाखवलं. दुसऱ्यात तिला खरोखर भीती वाटू शकते हे दाखवलं. म्हणून तिसऱ्यात आपण फसतो, कारण दोन्ही शक्यता आपल्या डोक्यात जिवंत आहेत. दुसरा प्रसंग कापला असता तर तिसऱ्यात प्रेक्षक पहिल्याच वाक्याला डाव ओळखून बसला असता. आणि तिसऱ्या प्रसंगात ती पाठ फिरवते तो शॉट नीट पाहा. तिचा चेहरा आपल्यापासून लपवणं एवढ्या एका निर्णयावर तो अख्खा प्रसंग तोललेला आहे. तिथे तिच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया दाखवणारा एक शॉट जास्त टाकला असता तरी सगळं सांडलं असतं.

मग प्रयोगशाळेतलं भांडण. शील्ड गुपचूप शस्त्रं बनवतंय हे उघड होतं आणि सगळे एकमेकांवर तुटून पडतात. इथे कॅमेरा उलटा होतो, माणसं डोक्यावर उभी असल्यासारखी दिसतात, आणि लोकीचा राजदंड फ्रेममध्ये येत राहतो. भांडण त्या राजदंडाच्या प्रभावाखाली पेटलंय हे कुणीही तोंडाने सांगत नाही. बॅनर सांगत असतो की त्याने एकदा स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, आणि आतल्या त्या दुसऱ्याने गोळी थुंकून टाकली. बोलता बोलता त्याने राजदंड हातात घेतलाय हे त्याला कळतसुद्धा नाही. रॉजर्स हळू आवाजात म्हणतो, डॉक्टर, तो खाली ठेवा. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला हा सर्वात उत्तम क्षण. एकही ठोसा नाही, एकही स्फोट नाही, आणि फ्युरी आणि नताशाचा हात शस्त्राकडे गेलेला.

याच भांडणात रॉजर्स स्टार्कला सुनावतो की, तारेवर झोपून दुसऱ्याला आपल्या अंगावरून जाऊ देणाऱ्यांतला तू नाहीस. स्टार्क उत्तर देतो, मी तारच कापली असती. शेवटी अणुबॉम्ब खांद्यावर घेऊन पोर्टलमध्ये, म्हणजे शत्रू ज्यातून येतो त्या आकाशातल्या भोकात, शिरतो तो हाच स्टार्क, आणि तिथे कापायला तार नसते. हे बीज आणि हे फळ. मधे जहाजाचं इंजिन बंद पडतं तेव्हा दुरुस्तीला याच दोघांना एकत्र पाठवलंय: एकाने आत शिरून पंखा ढकलायचा, दुसऱ्याने वेळेवर खटका ओढायचा. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं आता एकमेकांच्या जिवावर अवलंबून. समेटाचं एकही वाक्य लिहायची गरज उरली नाही.

आता लढाई. मला तिच्यात सर्वांत मोलाची वाटते ती सुरुवातीची कामवाटणी. स्टार्क म्हणतो, कॅप्टन, तुम्ही सांगा. एका वाक्यात भांडण मिटतं आणि नेतृत्व ठरतं. मग रॉजर्स एकेकाला जागा नेमून देतो: बार्टन छतावर, स्टार्क कडेला, थॉर पोर्टलपाशी, नताशा आणि मी जमिनीवर, आणि हल्कला एकच शब्द, तोड. हे ऐकायला नायकांसाठी असलं तरी खरं तर प्रेक्षकासाठी आहे. पुढच्या सगळ्या धुमश्चक्रीचा नकाशा त्याच्या हाती दिलेला असतो. कुठलाही कट कुठेही गेला तरी हा कोण, कुठे आहे आणि इथे का आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. आजकालच्या अनेक ॲक्शन सिनेमांत हेच नसतं. प्रेक्षक दहाव्या मिनिटाला शोधणं सोडतो आणि नुसता चमचमाट पाहत बसतो.

त्यानंतर तो प्रसिद्ध लांब शॉट: नताशा शत्रूच्या उडत्या वाहनावर, तिच्या मागचे आयर्न मॅन पाडतो, तो खाली रॉजर्सपाशी उतरतो, त्याचा किरण ढालीवरून परावर्तित होतो, तो वर जातो तर छतावर बार्टन, बार्टनच्या बाणामागोमाग कॅमेरा थॉर आणि हल्ककडे. हे तुकडे संगणकावर बेमालूम जोडलेले आहेत, ते काही एका दमात घेतलेलं चित्रीकरण नाही. पण त्याचा अर्थ महत्त्वाचा: सिनेमाभर सहा वेगळ्या तुकड्यांत असलेली माणसं इथे एका शॉटमध्ये एकमेकांच्या साथीने लढतात. आणि शॉट संपतो कसा? स्टेशनात शत्रूचं धूड पाडून दोघं शेजारी उभे असताना हल्क बाजूला एक ठोसा मारून थॉरला फ्रेमबाहेर उडवतो. थिएटर डोक्यावर घेतलं जातं, कारण जहाजावर या दोघांची मारामारी अर्धवट राहिली होती, तिचा हिशोब इथे चुकता होतो.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी बोलत नाही. आधीचे पाचही सिनेमे २.३५ च्या, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद अशा लांबुडक्या चौकटीत होते. हा १.८५ मध्ये आहे, म्हणजे चौकट जास्त उंच. हल्क आणि नताशा शेजारी उभे राहिले तर लांबुडक्या चौकटीत एकाचं डोकं तरी कापलं जातं किंवा दुसरी तळाला ठिपका होते. शिवाय न्यूयॉर्कच्या इमारती उभ्या, शत्रू आकाशातून येणार. सिनेमॅटोग्राफर शेमस मॅकगार्व्ही आणि व्हीडन यांचा हा निर्णय कथेसाठी अगदी रास्त होता.

मात्र त्याच मॅकगार्व्हीच्या कामाबद्दल माझी तक्रारही आहे. जहाजाच्या आतले प्रसंग फार सपाट उजळलेले आहेत. सगळीकडे तोच राखाडी-निळा प्रकाश, सगळे चेहरे सारखे. पल्लेदार कथेला साजेशी खोली तिथे नाही, टीव्ही मालिकेचा सेट वाटतो. प्रयोगशाळेतलं भांडण इतकं उत्तम लिहिलेलं असताना प्रकाशाने त्याला काहीच हातभार लावू नये, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

तुम्हाला जो कंटाळा आला, तो बहुधा पहिल्या तीस-चाळीस मिनिटांत आला असणार, आणि तो आलाच पाहिजे. सिनेमा सुरू होतो तो परग्रहावरच्या एका गूढ निवेदनाने, मग लोकीला हवा असलेला एक निळा घन, मग शील्डचा तळ कोसळतो, गाड्यांचा पाठलाग. यातलं कुणीच आपल्याला अजून आपलं वाटत नाही. नंतर एकेका नायकाला बोलवायला माणूस जातो, आणि तो क्रम यादी वाचल्यासारखा होतो. पंगतीत प्रत्येक पानावर सगळं वाढून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, तसं आपण थांबून राहतो. स्टुटगार्टला लोकी गर्दीला गुडघे टेकायला लावतो, एक म्हातारा जर्मन माणूस उभा राहतो आणि तुझ्यासारखी माणसं नेहमीच असतात असं त्याला सुनावतो, तिथे सिनेमाला पहिल्यांदा कणा येतो.

यात सर्वांत जास्त नुकसान झालं रॉजर्सचं. सत्तर वर्षं बर्फात राहून जागा झालेला माणूस, त्याचे सगळे गेलेले. त्याचा एकटेपणा दाखवणारे प्रसंग चित्रित झाले होते आणि कापले गेले. ब्ल्यू-रेवर ते आहेत: न्यूयॉर्कमध्ये एकटा फिरणारा स्टीव्ह, जुन्या सोबत्यांच्या फायली, कॅफेत बसून चित्र काढणं, तिथली वेट्रेस. हीच वेट्रेस लढाईनंतर टीव्हीवर त्याचे आभार मानताना दिसते, पण अंतिम सिनेमात त्यांची आधीची ओळखच नसल्यामुळे ते आभार कुणा अनोळखी बाईचे राहतात. लांबी वाढत होती, कात्री लावायलाच हवी होती, हे मी समजू शकतो. तरी सुरुवातीच्या पाठलागातली दोन मिनिटं कमी करून हा माणूस ठेवला असता, तर प्रयोगशाळेत तो स्टार्कवर इतका का चिडतो हे जास्त भिडलं असतं.

बार्टनचं तर विचारूच नका. सिनेमा सुरू होऊन थोड्याच वेळात लोकी त्याचं डोकं ताब्यात घेतो आणि दोन तृतीयांश सिनेमा तो दुसऱ्याच्या हुकमावर चालतो. जेरेमी रेनरसारखा नट तोंडी लावण्यापुरता उरतो. चमूतला एक माणूस शत्रूच्या बाजूला असणं ही कल्पना चांगली होती, पण त्यासाठी तो आधी आपला व्हायला हवा होता.

पटकथेतली खरी फट मात्र हल्कमध्ये आहे. जहाजावर बॅनरचा स्वतःवर काडीचा ताबा नाही, नताशाच्या जिवावर बेततं. न्यूयॉर्कमध्ये तोच माणूस मोटारसायकलवरून येतो, मी कायम रागातच असतो असं म्हणतो आणि हवं तेव्हा हल्क होऊन शिस्तीत आज्ञा पाळतो. टाळ्या हमखास पडतात, पण मधला बदल कुठे झाला? व्हीडनने एक पातळ फळी टाकलीय. जहाजावरून पडल्यावर एका पडक्या इमारतीत बॅनरला म्हातारा पहारेकरी भेटतो. इथे कुणाला इजा झाली नाही, नशीब की नेम, आणि पडताना तू जागा होतास, असं तो सुचवतो. म्हणजे हल्कने माणसं टाळून जागा निवडली होती. सुंदर कल्पना आहे. पण ती इतक्या घाईत येऊन जाते की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या हाती लागत नाही. मार्क रफालो डोळ्यांनी बरंच भरून काढतो म्हणून निभावतं.

शत्रूबद्दल दोन भाग करावे लागतील. लोकी म्हणून टॉम हिडलस्टन अप्रतिम, त्याच्यामुळे थॉरच्या प्रत्येक प्रसंगाला घरच्या दुखण्याची धार येते. पण त्याचं सैन्य, ते चिटाउरी, यांना ना चेहरा ना हेतू. ते मरतात तेव्हा काहीच वाटत नाही, आणि अखेरीस त्यांचं मुख्य यान उडाल्याबरोबर सगळे एकदम जागच्या जागी कोसळतात. अर्धा तास रंगवलेली लढाई एका बटणाने बंद व्हावी, हे लेखकाने स्वतःची सुटका करून घेणं झालं. लोकीची योजनाही नीट तपासली तर पोकळ आहे. मुद्दाम स्वतःला पकडवून घेऊन जहाजावर यायचं, हल्क सुटेल अशी व्यवस्था करायची, याला त्याच्या मूळ हेतूशी जोडणारा दुवा फार अशक्त आहे. ती योजना आहे, कारण नायकांना एका छताखाली आणायचं होतं.

जहाजावर लोकी कोल्सनला मारतो, त्या मृत्यूबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो भावुक क्लृप्ती आहे अशी टीका होते, आणि पुढे मालिकेत त्याला जिवंत केल्यावर ती वाढली. पण सिनेमाने स्वतःच हे पकडलंय. फ्युरी कोल्सनच्या खिशातली म्हणून रक्ताने माखलेली कॅप्टन अमेरिकाची पत्ते-चित्रं टेबलावर टाकतो, नायक हेलावतात. नंतर मारिया हिल त्याला म्हणते, ही तर कोल्सनच्या लॉकरमध्ये होती, खिशात नव्हे. फ्युरी उत्तर देतो की त्यांना धक्का हवा होता. नायकांना एकत्र आणणारा क्षणच एका खोट्यावर उभा आहे. हा कडू थेंब मला फार आवडतो. सिनेमाने पुढे त्याचं काहीच केलं नाही, नायकांना ते कधी कळतच नाही, हे मात्र खटकतं.

कलकत्त्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे त्यावर नाराजी होती आणि ती रास्त होती. तो भाग अमेरिकेत सेट लावून केलाय. गर्दी, रोगराई, अंधारी वस्ती, एवढंच शहर. बॅनर तिथे लोकांवर उपचार करतो हे त्याच्या पात्रासाठी मोलाचं आहे, पण ज्यांच्यावर उपचार करतो त्यांना सिनेमात अस्तित्वच नाही. स्टुटगार्टच्या म्हाताऱ्याला एक वाक्य मिळालं आणि तो लक्षात राहिला. कलकत्त्यातल्या कुणाला तसं वाक्य देणं अवघड नव्हतं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. आधीचे पाच सिनेमे ही या सिनेमाची मोठी ठेव होती. २०१७ च्या, सुपरहिरोंच्याच ‘जस्टिस लीग’ने तीन नवे नायक, म्हणजे फ्लॅश, ॲक्वामॅन आणि सायबॉर्ग, स्वतंत्र सिनेमा न देता दोन तासांत कोंबले आणि कुणीच मनात ठसलं नाही. २०२१ ची दिग्दर्शक झॅक स्नायडरची आवृत्ती सुमारे चार तासांची झाली, तेव्हा कुठे सायबॉर्गच्या वडिलांशी असलेल्या नात्याला आणि दुःखाला जागा मिळाली. यावरून लोक म्हणतात, आधी स्वतंत्र सिनेमे हवेतच. मला ते पटत नाही. २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ आला, पाचही पात्रं प्रेक्षकाला अनोळखी, लांबी दोन तास, आणि सगळी लक्षात राहिली. दिग्दर्शक जेम्स गनने काय केलं? त्यांना वेगवेगळं जाऊन बोलावलंच नाही. चौघांना थेट एकमेकांच्या पैशावर, जिवावर उठवलं, पकडलं आणि एका तुरुंगात टाकलं, तिथे पाचवा भेटला. कैदी म्हणून एकेकाची नोंद वाचली जाते, त्यात ओळख उरकते. बाकी सगळं, मी वर म्हटलं तसं, कोण कुणाशी कसं वागतं यातून.

म्हणून तुमच्या पटकथेसाठी एक काम सुचवतो. पाच नावं कागदावर गोल मांडा आणि प्रत्येक दोघांमध्ये रेघ ओढा. दहा रेघा होतील. प्रत्येक रेघेवर एक वाक्य लिहा: याला त्याच्याकडून काय हवंय, जे तो सहजी देणार नाही. ज्या रेघांवर काहीच सुचत नाही त्या सोडून द्या. पण एखाद्या पात्राच्या चारही रेघा कोऱ्या राहिल्या, तर ते पात्र तुमचा बार्टन आहे. त्याला काढा, नाहीतर पहिल्या दहा पानांत त्याचं कुणाशी तरी भांडण लावा. दहातली सर्वांत तापलेली रेघ निवडा आणि त्या दोघांना, अजून एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसताना, एक असं काम द्या जे एकट्याने होत नाही. तो प्रसंग आधी लिहा. शत्रूचं सैन्य, आकाशातलं भोक, शहराचा विध्वंस हे सगळं नंतर बघू. तो प्रसंग लिहून झाला की मला पाठवा, मी वाचेन.